तीन खिडक्या

साकोलीच्या नाक्यावर वीस वर्षं मी पाट्या कापल्या:
किराणा, दंतचिकित्सक, येथे झेरॉक्स मिळेल.
सहा मिलिमीटरचं ॲक्रिलिक,
मागे ट्यूबलाइट, पुढे किडे.

म्हणून फागू नेवारे मला शोधत आला.
बंद राईस मिलचा बॉयलर त्यानं भंगारात घेतलेला,
दोन्ही टोकं वेल्डिंगनं मिटवून अंगणात आडवा,
म्हशीपेक्षा जरा लांब.
"पाणबुडी आहे," म्हणाला,
बोअरची मोटर आहे म्हणावं तसं.
"लोखंड माझं. खिडक्या तुझ्या."

चाळीस मिलिमीटर जाड, ओतीव.
दाबून काढलेली शीट स्वस्त, पण ती आतून रागावलेली असते,
कुठे फुटेल ते सांगत नाही.
लेथवर पांढऱ्या कुरडया निघाल्या
आणि तिघींना बुचाचा आकार आला,
बाहेर रुंद, आत अरुंद.

कापलेल्यात ताण उरतो. तो काढावा लागतो.
इद्रिसभाईंची बेकरी बुधवारी बंद.
आदल्या रात्री शेवटचे टोस्ट निघाले की भट्टी उतरू लागते.
दुपारी मिलमधला जुना थर्मामीटर आत घातला: पंच्याऐंशी.
तिघींना फरशीवर निजवलं,
दार मातीनं लिंपलं, कुणी उघडायचं नाही.
"बाळंतीण आहे का रे आत?" इद्रिसभाई म्हणाले.
गुरुवारी पहाटे काढल्या तेव्हा कोमट होत्या,
त्यांना बडीशेपेचा वास येत होता.

एक गेली.
साळ्याच्या पोट्ट्यानं चांगल्या मनानं
स्पिरिटनं पुसली.
रात्री काही नाही. सकाळी आत बारीक केस,
शेकडो, कुठूनही न आलेले.
मी ओरडलो नाही. नवीन कापली,
पुढच्या बुधवारची वाट पाहिली.

मग घासणं. दोनशेवीसचा कागद, चारशे, आठशे, दोन हजार,
पाणी सोडत, आधी आडवं, मग उभं.
प्रत्येक कागद आधीच्याचे ओरखडे खातो
आणि स्वतःचे ठेवून जातो.
शेवटी टूथपेस्ट.
बायको म्हणाली, महिन्याची ट्यूब होती ती.

सगुणा दिघोरे शिंगाड्यांचं टोपलं घेऊन पाळीवरून उतरली.
वाकून खिडकीतून पाहिलं, हसली.
"खाली डोऱ्यानं नाई दिसत गा. हातानं पाहा लागते."
तिचा जन्म या तलावात गेला.
मी रबरी रिंगला ग्रीस लावत राहिलो.

बारा स्क्रू. एक, मग त्याच्या समोरचा.
फागूनं पाना उचलला,
त्याचा हात ट्रॅक्टरच्या चाकाचा.
"थांब. बोटानं फक्त.
कडेला केसाएवढी जागा राहू दे,
इथला मे महिना तिनं अजून पाहिला नाही.
घट्ट आपण नाही करायचं, घट्ट पाणी करतं.
जितकं खाली जाशील, तितकी ती आपल्या जागी बसेल."
त्यानं पाना ठेवला. पटलं नव्हतं त्याला.

डिसेंबर. दोन दोर, एक ट्रॅक्टर, तीन मीटर पाणी.
आत मी, कारण मी बारीक.
गुडघे हनुवटीला.
बाहेर आधी पिवळं, मग चहा, मग काहीच नाही.
बाई बरोबर बोलली होती.

कडेभोवती बोट फिरवलं. पहिली, दुसरी, तिसरी,
पुन्हा पहिली. कोरडी.
कुठेतरी टक् झालं, माझा श्वास अडकला.
पुन्हा बोट.
कोरडी.

टॉर्च लावला तर त्या चहात काही हललं
आणि खिडकीवर एक तळहात आला,
पांढरा, भिजून सुरकुतलेला.
तो दाबत नव्हता. काठाकाठानं सरकत होता,
चिखलात मासा आहे की दगड, हे बघावं तसा.
सबंध फेरी पुरी केली त्यानं,
मग दम संपला असावा, वर गेला.

दोर ओढला, झाकण उघडलं, ऊन लागलं.
फागू ओरडला, "काय दिसलं?"
मला बोलायला वेळ लागला.
सगुणा पदर पिळत होती, तीच बोलली,
"कोरडा हाये आत. पाह्यला मी."