खांब एक, ताण एक

अर्जात विचारलं होतं:
खांब किती, ताण किती,
जमीन गवताची, नांगराखालची, की कुंपणालगतची.
मी बाहेर जाऊन मोजून आले,
मोजण्यासारखं फारसं नव्हतं तरी.
खांब एक. ताण एक.
वर राखाडी डबा, दुधाच्या कॅनएवढा,
त्याचा रकाना वेगळा.

त्या डब्याला मी बत्तीस वर्षं ओळखते.
पियानो सुरात लावणं हा माझा धंदा.
बिल्थपासून ऱ्हायाडरपर्यंत
चॅपलाचॅपलांतली ओल धरलेली लाकडं
या बोटांखालून गेलीत.
हा डबा रात्रंदिवस खालचा जी धरून बसलेला,
केसभर चढा.
इतक्या वर्षांत कधी उतरला नाही.
पियानोंबद्दल असं म्हणता येत नाही,
नवऱ्यांबद्दलही.

पोस्टातली डिलिस म्हणाली, अगं, कंपनी भाडं देते,
तुझ्या आवारात उभा आहे ना तो?
मागच्या सहा वर्षांचंही माग.
वर्षाचं किती, तर चीजचा एक बरा तुकडा येईल एवढं.
पण हक्क तो हक्क.
नकाशावर लाल पेनाने फुली मारली:
कोळशाची खोप आणि काळ्या मनुकांचं झुडूप, यांच्या मधोमध.

अकरा आठवड्यांनी उत्तर आलं.
सदर खांबाचे भाडे १९९४ पासून नियमित दिले जात आहे.
प्राप्तकर्ता: श्री. आय. गिटिन्स.

पत्र घेऊन कुंपणापलीकडे गेले.
इडवाल गवतकापणीचं यंत्र उघडून बसला होता,
ओंजळभर स्क्रू टोपीत.
पत्र हातभर लांब धरून त्याने वाचलं,
मग पुन्हा पहिल्यापासून.
"सेल्विनने सांगितलं नव्हतं तुला?"

सेल्विन. नऊ वर्षं झाली, चॅपलमागे यू झाडाखाली आहे.
ताकाला तूर लागू दिली नाही त्याने.
त्यानेच सही करून भाडं याच्या नावे केलं होतं;
बदल्यात कुंपणाची आमची बाजूही
यानेच छाटायची, दर ऑक्टोबरात, मरेपर्यंत.
कुणाच्या मरेपर्यंत, ते ठरलं नव्हतं.

आणि मी दर ऑक्टोबरात,
तो शिडीवरून उतरला की,
मार्मलेडच्या दोन बरण्या त्याच्या हातात देत आले.
किती भला माणूस, म्हणत.
मिंधी होऊन.
साठ बरण्या, इडवाल. साठाच्या वर.
"मला वाटलं," तो म्हणाला, "तोही कराराचाच भाग."

मग आम्ही दोघंही बोललो नाही.
डबा जी धरून होता.

निघताना त्यानेच पत्रावर बोट ठेवलं:
यात ताणाचं काही लिहिलेलं नाही.
खरंच नव्हतं.
ताण नंतर आला, त्या वादळानंतर,
खांब माझ्या छपराकडे झुकू लागला तेव्हा.
सेल्विन त्या आधीच गेला होता,
त्याला यावर सही करता आली नाही.
खांबाच्या मानेपासून माझ्या गवतात उतरलेली तार,
खाली पिवळी नळी, कुणी अडखळू नये म्हणून.
कोळशाची बादली घेऊन अंधारात
मीच तिला वळसा घालत आलेय.

ताण म्हणजे काय, हे मला कुणी शिकवू नये.
पियानोच्या पोटात अठरा टन असतो,
आणि लोक वरती फुलदाणी ठेवतात.

दुसरा अर्ज भरला.
खांब: शून्य.
ताण: एक.
जमीन: माझी.
कंपनीने या वेळी तीनच आठवडे घेतले.
रक्कम सांगत नाही, डिलिस हसेल.

ऑक्टोबरात इडवाल शिडी घेऊन आला.
दोन्ही बाजू छाटल्या, नेहमीसारख्या,
माझी जरा जास्तच सरळ.
उतरला, हात पुसले.
मी बरणी दिली. एकच.
त्याने माझ्या दुसऱ्या हाताकडे पाहिलं,
मी ताणाकडे.