किल्ली

इंटर्नशिपला नेरूळमध्ये आम्ही एका खोलीत चौघं.
देवयानी आता कार्डिओला,
झुबेर भूल देत रात्र रात्र जागतो;
ग्रुपवर पहाटे तीनचे फोटो,
मास्कच्या वर लाल डोळे.
माझी ओपीडी दोनला आटपते.
आई विचारते,
नखं कापायला एवढं शिकावं लागतं का गं?

आज ढेबे आले, तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटातले.
पाठीवर तीस वर्षं गोणी, रक्तात बारा वर्षं साखर.
मी बुटक्या स्टुलावर, त्यांची टाच माझ्या मांडीवर.
"पाय नका धरू बाई, पाप लागंल मला."
डोळे मिटा, काका.
नायलॉनचा तंतू टेकवते.
लागतंय?
हो.
इथे?
हो.
तंतू हवेतच धरते. आता?
हो की.
माझं मन राखतायत.

सर म्हणतात, माणसाआधी त्याचा बूट बघ.
उलटा करून झटकते:
कांद्याची सालं, खडी,
आणि एक पितळी किल्ली.
ढेब्यांचा चेहरा उजळतो,
"आयला, पेटीची! सोमवारपासून हुडकतोय."
आज गुरुवार.
अंगठ्याच्या मुळाशी तिचा ठसा,
दात मोजता येतील इतका,
आणि मधोमध पू.

देवयानीनं आज पहिला स्टेंट घातला.
तू काय केलंस?
किल्ली शोधली, असं लिहिते,
आणि खोडते.

ब्लेड घेते. मेलेली कातडी सोलत आत जाते.
इथे झुबेर लागत नाही.
ढेबे किल्ली मुठीत धरून
पंख्याकडे बघतायत.
बऱ्याच वेळानं विचारतात,
"सुरू केलं का, बाई?"