उसना हात

सांग्याच्या पुलाखाली, जिथे नदी वळताना जरा रेंगाळते,
रविवारी संध्याकाळी आम्ही बसतो.
गऱ्या पाण्यात. गांडुळांचा डबा मधोमध.
फेणीची बाटली गार राहावी म्हणून
गळ्याला दोरी बांधून बुडवलेली.
रुजार म्हणतो, आज एवढं तरी लागलंय गळाला.

नियम एकच : गोड्या पाण्याचा मासा.
चोणक, तांबोशी, खाडीतले मोठेपणे
इथे कुणी काढायचे नाहीत.
समुद्रात काय, कुणालाही मिळतं.

मग रुजारची वांब निघते.
साळावलीच्या कालव्यात सापडलेली,
पिशवीत घालून तो कदंबात बसला
आणि केप्याच्या स्टँडवर पिशवी रिकामी.
कंडक्टर सीटखाली वाकून तिकीट विचारत होता म्हणे.
गेल्या वर्षी ती वांब केप्यालाच उतरली होती.
यंदा मडगावपर्यंत गेली.

सगुण मास्तरांची खडशी अजून पाण्यातच आहे.
दोरी तोडून गेली त्याला बावीस वर्षं झाली.
मास्तर तिच्याविषयी बोलतात
लांब दिलेल्या मुलीविषयी बोलावं तसं :
आता एवढी झाली असेल.
आम्ही माना हलवतो.
सुटलेल्या माशाचं वजन कुणी करत नाही.

फोंडू शेवटी बोलतो.
त्याचा डावा हात कोपरापासून नाही.
रिवणकडच्या खाणीवर, रात्रपाळीत,
मातीच्या पट्ट्यानं घेतला.
दोरी तो पायाच्या अंगठ्याला बांधतो नि डोळे मिटतो.
मासा लागला की आधी अंगठा जागा होतो,
मग फोंडू.

खाण बंद पडली. पंप थांबले.
खड्डा पायरीपायरीनं भरत गेला,
टिपरांचा रस्ता बुडाला, पट्टा बुडाला,
आणि वर पाणी, बाटलीच्या काचेसारखं हिरवं.
त्यात मासा कुणी सोडला नव्हता.
मास्तर म्हणतात, बगळ्यांच्या पायांना अंडी चिकटून येतात.
रुजार म्हणतो, देव सोडतो.
फोंडू म्हणतो, मला काय ठाऊक,
मी फक्त मरळ काढली.

केवढी?

इथे तो दर वेळी अडतो.
मासा दाखवायला माणसाला दोन हात लागतात.
एका हातानं फक्त ‘तिकडे’ असं दाखवता येतं.

म्हणून बोस्त्यांव त्याच्या डावीकडे बसायचा.
फोंडूचा उजवा तळवा म्हणजे शेपूट,
बोस्त्यांवचा डावा म्हणजे तोंड,
मधल्या हवेत मरळ.
बोस्त्यांव हलकट.
कधी हात वीतभर जवळ आणायचा,
“आरे, पिल्लू रे तें!”
आणि फोंडू त्याच्या सात पिढ्या काढायचा.
कधी, तिसऱ्या पेगनंतर, इतका लांब सरकायचा
की मासा पुलाच्या खांबाला टेकायचा.

मे महिन्यात बोस्त्यांव स्विंडनला गेला, मुलाकडे,
पोर्तुगीज पासपोर्टावर.
फोनवर सांगतो, इथे तळ्यात मासा धरतात,
फोटो काढतात, मुका घेतात
आणि परत सोडून देतात.
आजवरच्या सगळ्या गोष्टींत
ही एकच आम्हांला खोटी वाटली.

आज फोंडूनं तळवा उभा धरला
आणि शेजारच्या रिकाम्या खडकाकडे बघत राहिला.
मी सरकलो.

त्या दिवशी मी तिथे होतो, हे मी कधी बोललो नाही.
खड्ड्याच्या काठाला, मोटरसायकलला टेकून.
मरळ मी पाहिली आहे.
गरीतून सोडवल्यावर त्यानं ती क्षणभर
डाव्या कोपराला लावून धरली होती,
बोटं असतात तिथवर शेपूट आलं,
इंचभरही कमी-जास्त नाही.
मग त्यानं ती पिशवीत टाकली
आणि म्हणाला, चल, उशीर झाला.

आता माझा तळवा हवेत आहे.
रुजार विचारतो, केवढी, सांग की.
फोंडू माझ्याकडे बघत नाही.
मी हात थोडा मागे घेतो. अजून थोडा.
तेवढ्यात त्याच्या पायाचा अंगठा हलतो,
दोरी ताणते,
आणि आमच्यापैकी कुणीच
हात खाली घेत नाही.