शेरा

कुओपिओच्या जलमापन कार्यालयात माझं टेबल
रेडिएटरला चिकटून. दर सोमवारी
हौकियार्वी तळ्यावरून ओस्मोची कार्डं यायची,
सात दिवसांची सात:
पाण्याची पातळी, बर्फाची जाडी, वाऱ्याची दिशा
आणि शेवटचा रकाना, शेरा.
तिथं नऊ वर्षं एकच शब्द.
निरंक.

मी तो टाइप करायचे. निरंक, निरंक.
माझ्या खणात एक वही होती, कापडी बांधणीची,
चाळिसाव्या वाढदिवसाला मीच मला घेतलेली.
तिच्यातही तेच होतं, फक्त न लिहिलेलं.
मला वाटायचं, काहीतरी यावं लागतं आतून,
आणि ते येईल तेव्हा घर आवरलेलं हवं,
मुलगा झोपलेला, डोकं न दुखणारं.

मग एका फेब्रुवारीत, मंगळवारच्या कार्डावर:
बर्फ एकेचाळीस सेंटिमीटर. वारा ईशान्येचा.
शेरा: कोल्हा माझ्या आधी येऊन गेला.
भोकाभोवती तीनदा फिरलाय.
त्यालाही मोजायचं असेल.

साहेबांना विचारलं, हे टाइप करू?
साहेब म्हणाले, रकाना आहे ना? मग कर.

बुधवारी: कालच्यासारखंच.
गुरुवारी: गिरमिट अडकलं, शिव्या दिल्या.
कुणाला, ते लिहिलं नव्हतं.
शुक्रवारी हातमोजा हरवला, शनिवारी तोच हरवलेला.
आणि पुढच्या की त्याच्या पुढच्या आठवड्यात:
बर्फ रात्रभर कण्हत होता.
पाणी खाली सुखात असावं.

मार्चअखेर मी हिशेब मांडला.
अडतीस कार्डं, त्यातली बरी चार.
दोन अशी, की वाचून मी कोट न घालता
बाहेर पायरीवर जाऊन उभी राहिले.

एकदा तो पगाराच्या कागदांसाठी ऑफिसात आला,
बुटांखाली वितळणारं डबकं घेऊन.
मी विचारलं, तुम्हाला सुचतं कसं?
त्यानं डबक्याकडे पाहिलं, ओशाळून.
सुचत नाही हो. मी भोक पाडायला जातो.
रात्रीत ते पुन्हा गोठतं.
रोज गेलं तर नुसती साय असते, काठीनं फुटते.
दोन दिवस खाडा झाला
की गिरमिट लागतं.

उन्हाळ्यात तळ्यात खांब उभा राहिला, अँटेनावाला.
आकडे आता आपणहून येतात, दर पाव तासाला,
अचूक. त्यांना शेरा नसतो.
ओस्मो निवृत्त झाला. केकवर त्याचं आडनाव चुकलं होतं,
त्यानं नेमकं तेच अक्षर खाल्लं.

छापील कार्डांचे दोन गठ्ठे उरले होते.
रद्दीत घाला, म्हणाले. मी घरी आणले.
पहाटे पाच चाळीसला, कॉफी उतू जायच्या आधी,
एक कार्ड.
पातळीच्या रकान्यात रेघ मारते. बर्फाच्या रकान्यातही.

पहिल्या दिवशी: निरंक.
दुसऱ्या दिवशी: निरंक, पण पेन्सिलीला टोक केलं.
सहाव्या दिवशी: शेजारची वृद्धा अंधारात बर्फ लोटते
आणि फावडं टेकवून, कुणी बघत नाही असं समजून,
दोन पावलं टँगो नाचते.
सातव्या दिवशी पुन्हा निरंक.
मुलानं एका कार्डामागे चेंडूचं चित्र काढलं.
तेही गठ्ठ्यात आहे.

कापडी वही अजून खणातच.
चांगल्या कागदाची मला अजून भीती वाटते.

आजचं कार्ड:
वारा माहीत नाही.
शेरा: मुलाला ताप होता, तीन दिवस खाडा.
गिरमिट लागलं.