एरंडेलाचा वास

क्लबात यंदा आम्ही अकराजण उरलो.
पैकी तिघांना ऐकू येत नाही
(इतकी वर्षं इंजिनापाशी उभं राहायचं
तर तेवढं भाडं द्यावंच लागतं),
आणि आदेल्मो फक्त कॉफीपुरता येतो.

बैठकीचा विषय मी वहीत नीट लिहिला:
नवी माणसं कशी आणावीत.
कुणी म्हणालं पोस्टर लावू, जिंकलेल्या शर्यतींचं.
कुणी म्हणालं टोप्या वाटू, फुकट.
खजिनदार म्हणाला, काचेची पेटी करू,
आत होडी, वर दिवा, भोवती दोर.
हे सगळ्यांना पटलं.
बांधापलीकडे पो नदी वाहत होती,
गढूळ, एप्रिलची, चिनारांची बोंडं घेऊन.
तिचं मत वहीत नाही.

होडीचं नाव नेबिया. म्हणजे धुकं.
लाल महोगनी, नंबर सत्तेचाळीस,
तळ असा, की वेग आला की पाण्याला
तीनच ठिकाणी शिवतो,
तापल्या तव्याला बोट लावून पाहावं तसा.
ओरेस्ते ती चालवायचा. तो गेला त्याला एकोणीस वर्षं झाली.
एर्सिलिया, त्याची बायको, बैठकीत शेवटच्या खुर्चीवर
मटार सोलत होती.
शेडची किल्ली तिच्या एप्रनच्या खिशात असते,
हे आम्ही विसरलो होतो.

गुरुवारी, शाळा सुटायच्या सुमाराला,
तिने ताडपत्री ओढली,
छाटणीच्या कात्रीने तो नवाकोरा दोर कापला,
आणि आदेल्मोला म्हणाली, फिरव.

इंजिन खोकलं.
पुन्हा खोकलं, आणि एक काळी पिचकारी टाकली
थेट एका पोराच्या पांढऱ्या शर्टावर.
पोरगं आधी घाबरलं, मग त्याने शर्टाचा वास घेतला,
मग शेजारच्याला दिला.
जळकं एरंडेल.
एर्सिलियाच्या बापाला काळ्या डगलेवाल्यांनी
हेच तेल बाटलीभर पाजलं होतं, चौकात, सगळ्यांसमोर.
ती हे कधी सांगत नाही. मला ओरेस्तेकडून कळलं.
त्याच तेलावर तिने नवऱ्याला वाऱ्यासारखा पळताना पाहिलं,
आणि दोन्हींचा हिशेब तिने
कुणाच्या वहीत लिहू दिला नाही.

इंजिन काही धरेना.
आम्ही चौघे म्हातारे, चार मतं,
प्लग, मॅग्नेटो, पेट्रोल, नशीब.
तेवढ्यात पोरांतून एक मुलगी पुढे आली, विदाद,
खाली गोठ्यांवर दूध काढणाऱ्या द्रीसची.
म्हणाली, हे हवा चोरतंय कुठूनतरी.
आमच्याकडे यंत्राचं रबर फाटलं की
असंच फुसफुसतं, गाई लाथा मारतात.
आणि तिने हात घातला
मागच्या नळीच्या सांध्यावर,
तळव्याने दाबला.

काय सांगू.
बांधावरचे बगळे उठले.
चर्चच्या काचा थरथरल्या, फादर बाहेर आले,
ज्यांना ऐकू येत नाही ते तिघेही छातीवर हात ठेवून
ऐकत उभे राहिले.
ट्रेलरवरची होडी, कोरड्या जमिनीवर,
नदीला हाक मारत होती
आणि विदादचा हात सुटत नव्हता,
दंडापर्यंत थरथरत होता,
ती ओरडत होती, काय ते कुणाला कळलं नाही.

बंद केल्यावर
कान दुखेल इतकी शांतता.
मग तो शर्टवाला पोरगा म्हणाला,
हे आजोबा जिंकायचे का?

खजिनदाराने घसा साफ केला.
एर्सिलिया म्हणाली, कुठलं.
दोनदा वाळूत रुतला.
एकदा धुक्यात वाट चुकला, आणि भलत्याच गावी
लग्नात जाऊन जेवून आला.
एकदा तर आग लागली. सांगू?

नऊ पोरं ओल्या गवतात बसली.
मी वही उघडली, नावं विचारावीत म्हणून,
आणि मिटली.
आमच्या पोस्टरवर
यातलं काहीच नव्हतं.

काचेची पेटी सोमवारी आली.
तिच्यात आता टोमॅटोची रोपं आहेत.