बावीस कळा

माझ्या यंत्राला बावीसच कळा आहेत.
एकोणीस वर्षं त्यांच्यावर मी या राज्याचं बोलणं उतरवते आहे:
गुरांवरचा कर, पुलांची डागडुजी,
रविवारी बिअर किती वाजेपर्यंत विकावी.

आज खोली एकशे चौदा.
बंदूक विकत घेतली की हातात पडेपर्यंत सात दिवस थांबायचं,
विधेयक एवढंच.
साक्षीदाराला दोन मिनिटं. टेबलावर छोटा दिवा,
हिरवा, मग पिवळा, मग तांबडा.

मागच्या सुनावणीला अकरा कॅमेरे होते.
आज एक. कॉलेजातला मुलगा, भिंगावरचं झाकणही काढलेलं नाही.
बुधवारी दुसऱ्या कुठल्याशा राज्यात
याहून मोठा आकडा झाला,
गाड्या तिकडे गेल्या.

आधी संघटनेतर्फे मिस्टर व्हिटलॉक.
आवाज लोण्यासारखा. "कशा आहात, मिसेस ओडेगार्ड? गुडघा काय म्हणतो?"
दर नाताळला त्यांचा अक्रोडांचा डबा येतो
आणि अक्रोड चांगले असतात, खोटं कशाला बोलू.
"ही वेळ राजकारणाची नाही," ते म्हणाले,
आणि माझी बोटं त्यांच्या आधी पोचली.
या वाक्याला मी कधीचीच खूण करून ठेवलीय.
एका दाबात अख्खं उमटतं.
"दुसरी घटनादुरुस्ती", एक दाब.
"आमच्या प्रार्थना कुटुंबांसोबत", एक दाब.
समोरच्या बाजूचं "आता पुरे झालं"सुद्धा
एकच दाब.

मग कोल्टर्स बेंडचे ऑर्व्हल टेस्क.
टायरचं दुकान. नखांतलं काळं घासूनही न गेलेलं.
कागद आणला होता, उघडला नाही.
"त्यानं मंगळवारी घेतली.
शुक्रवारी मुली स्केटिंगला गेल्या होत्या."
दिवा हिरवा.
"माझ्याकडे ट्रॅक्टरचा टायर मागवला
तर मी म्हणतो, आठ दिवसांनी या.
लोक कुरकुरतात. पण थांबतात."
मग मुलीचं नाव घेतलं.

आणि मला हात वर करावा लागला.
नियमच आहे. नाव चुकता कामा नये.
"सर, स्पेलिंग सांगाल?"

मारणाऱ्याचं मला विचारावं लागलं नव्हतं.
त्याचं तर माझ्या नातवालाही पाठ आहे.

ऑर्व्हल माझ्याकडे वळले,
जणू एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच कुणी काही विचारलं होतं.
"एम," ते म्हणाले. "ए. आर.
ई." पिवळा.
"एल.
वाय. वाय आहे, बाई.
सगळ्या चॅनेलांनी आय लिहिला.
मी फोन केले. एकीनं सांगितलं, पुढच्या बातमीत बदलू.
पुढची बातमी झालीच नाही.
वाय. मग
एस."

तांबडा.

"धन्यवाद, मिस्टर टेस्क," अध्यक्ष म्हणाल्या.
ते उभेच राहिले.
व्हिटलॉकनी उठून ग्लासात पाणी ओतलं,
त्यांच्यापुढे ठेवलं. ऑर्व्हल प्याले.
यातलं काहीच मी लिहिलं नाही.
बोललं जातं तेवढंच लिहायचं असतं,
आणि गप्प राहण्यासाठी
बावीसांत एकही कळ नाही.

सहा विरुद्ध सात. विधेयक पुढच्या अधिवेशनापर्यंत स्थगित.
कॉलेजातल्या मुलानं तिकाटणं मिटलं.

रात्री घरी यंत्राचा शब्दकोश उघडला.
रोजचंच काम: जे शब्द पुन्हा येणार
त्यांना एकेका दाबाची खूण द्यायची.
यादीत गावं दिसली.
एक शाळेचं, एक चर्चचं, एक जिथे फक्त किराणा दुकान होतं.
सगळ्यांना मीच दिलेल्या खुणा.
कोल्टर्स बेंडलाही, मागच्याच महिन्यात,
अगदी सहज, चहा पिता पिता.

मॅरेलिसपाशी बोटं थांबली.
खूण नाही दिली.
सात अक्षरं आहेत, सात वेळा दाबेन.
कुणी तिचं नाव पुन्हा घेतलं त्या खोलीत,
तर लागू दे वेळ.