समासातली पेन्सिल

दर जूनमध्ये शाळा सुटली
की परत आलेली पुस्तकं तळघरात उतरवून
मी खोडरबर घेऊन बसते.
ओहायो नदीची ओल इथे भिंतीतून पाझरते,
पुस्तकांना ओल्या पोत्याचा वास येतो,
आणि वर, काउंटरवर, विल्डा फोनवर कुणाला तरी
दंडाचे पैसे समजावत असते.

सगळ्यांत मळकं हे.
वय वर्षं नऊ ते बारा. पानं एकशे चौऱ्याऐंशी.
मुखपृष्ठावर रिकामी खुर्ची, खुर्चीवर उंच काळी टोपी.
शेवट काय, ते पोरांना पुस्तक उचलतानाच ठाऊक असतं.
तरी लिहितात.

पान एकोणसाठ, निळी पेन्सिल :
नाटकाला जाऊ नका. डोकं दुखतंय म्हणून सांगा.
पान अठ्ठ्याहत्तर, पहारेकऱ्याला :
उठलास कशाला? बस खाली, गाढवा.
पान ब्याऐंशी, एकच शब्द,
कागद फाटायला येईतो गिरवलेला :
मागे!

मी खोडते. नियम आहे तसा.
पण ‘मागे’ पुरता जात नाही,
पान दिव्याखाली तिरपं धरलं
की खळगा दिसतो.

पुस्तक चांगलं आहे, हेही सांगते.
लिहिणाऱ्यानं पोरांना बाळबोध समजलेलं नाही.
गोळीचा आवाज प्रेक्षकांच्या हशात बुडाला,
एवढं एका ओळीत सांगून तो थांबतो,
आणि पुढचं पान उघडतं ते थेट
दुसऱ्या दिवशीच्या पावसात, भिजत उभ्या माणसांत.
मला अजून तिथे
चष्मा पुसावा लागतो.

आज पान एक्याण्णव.
नाट्यगृहामागची गल्ली, काळोख,
आणि मारेकऱ्याचा घोडा धरून उभा असलेला एक पोरगा.
त्याला दीड ओळ मिळालीय.
शेजारी मुंगीएवढ्या अक्षरात :
ह्याला माहीत होतं का?
आणि त्याखाली, दुसऱ्या दिवशी लिहिल्यासारखं, जरा फिकट :
पुढे ह्याचं काय झालं?

मी मागची सूची काढली.
राष्ट्राध्यक्षांच्या नावापुढे एक्केचाळीस पानं.
मारेकऱ्याच्या नावापुढे त्रेपन्न.
घोडीसुद्धा आहे : घोडी, तपकिरी, ९१, ९४, १०३.
पोरगा नाही.

मग पाकिटातलं कार्ड काढलं.
शेवटचं नाव : एमेट स्ट्राउड, इयत्ता पाचवी.

धान्याच्या कोठारामागे राहतात स्ट्राउड.
थोरला मार्चपासून तुरुंगात आहे,
औषधांच्या दुकानाचं ते प्रकरण.
पेपरात सगळं सविस्तर आलं होतं,
दुकानदाराच्या खांद्याला किती टाके, गल्ल्यातून किती डॉलर,
आणि शेवटी, जाता जाता :
बाहेर गाडीत एक अल्पवयीन मुलगा आढळला.
नाव छापलं नाही. कायदाच आहे तसा, बराही आहे.
पण गावाला नाव लागत नाही.
गावानं नजरेनंच त्याला ओळखलं,
आणि नजरेनंच विचारलं तेच,
जे त्यानं इथे
दीडशे वर्षांपूर्वीच्या पोराबद्दल विचारलंय.

भावानं म्हटलं असेल,
बस जरा, इंजिन बंद करू नकोस, आलोच.
अकरा वर्षांचा मुलगा यावर काय म्हणतो?
बसतो.

बावीस वर्षं मी ह्या तळघरात
दुसऱ्यांची अक्षरं पुसत आलेय.
रबराचा चुरा फुंकरीनं उडवला.
राजधानीतल्या ग्रंथालयाला चिठ्ठी लिहिली :
खटल्यातल्या साक्षी, सगळे खंड, पाठवावेत.
तीन आठवडे लागतील. कदाचित जास्त.
आणि त्यातही तो पोरगा
दीड ओळीचाच निघेल, सांगता येत नाही.

पान एक्याण्णव पुन्हा उघडलं.
मुंगीएवढ्या अक्षरांखाली लिहिलं,
शोधतेय. ऑ.
पेन्सिल चांगली दाबून लिहिलं,
उद्या माझ्या जागी कुणी बसलं,
नियमाप्रमाणे खोडलं,
तरी खळगा राहावा म्हणून.